नकट्या नळीची जुनी रिव्हॉल्व्हरे : ओढ नेमकी कशाची?

कातारी (धागाकर्ता)

उमेदवारी धरून माझी २१ वर्षे भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली आणि त्यानंतरची १८ वर्षे पेनसिल्व्हेनियात त्याच धंद्यात गेली. हे आधीच सांगतो, कारण पुढचे लिखाण शस्त्रांची आवड असलेल्या माणसाचे नाही. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाखेरीज माझ्या हातात कधी काही आले नव्हते आणि साठीच्या जवळ येईपर्यंत तशी इच्छाही झाली नव्हती.

सात वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याला हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची होती, म्हणून त्याच्याबरोबर एका जुन्या दुकानात गेलो. त्याचे कागदपत्र चालू असताना काचेच्या पेटीत ठेवलेल्या एका लहानशा रिव्हॉल्व्हरकडे माझे लक्ष गेले. दुकानदाराने ते उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग मला दाखवले आणि नंतरच ते माझ्या हातावर ठेवले. ते १९५०च्या दशकातले कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल होते. मी सवयीने पहिल्यांदा त्याच्या बाजूच्या झाकणाची सांध शोधली, आणि ती मला सापडेना. रेषा डोळ्यांना अंधूक दिसत होती, पण नखाला लागत नव्हती. झाकण चौकटीत बसवून मग दोन्ही एकत्र घासल्याशिवाय आणि चकाकवल्याशिवाय अशी सांध येत नाही, आणि ती आणण्यासाठी माणसाला काय करावे लागते हे मला पुरेपूर ठाऊक आहे. त्याच दिवशी पैसे भरले.

ज्यांना या जातीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन-अडीच इंची नळी असलेल्या रिव्हॉल्व्हरांना अमेरिकेत बसक्या नाकाची म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, म्हणून मी घरगुती शब्द वापरतो : नकटे. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड येथील कोल्ट कारखान्याने १९२७ साली आपल्या पोलीस पॉझिटिव्ह स्पेशल या गस्तीच्या रिव्हॉल्व्हराची नळी दोन इंचांवर आणून साध्या वेशातल्या पोलिसांसाठी डिटेक्टिव्ह स्पेशल बाजारात आणले. .३८ स्पेशल या मापाची सहा काडतुसे, वजन सुमारे ६०० ग्रॅम आणि कोटाच्या खिशात मावेल असा आकार, हे तिन्ही एकत्र आणणे त्या काळी सोपे नव्हते. मधली काही वर्षे वगळता ते थेट १९९०च्या दशकापर्यंत या ना त्या रूपात बनत राहिले.

या वस्तूत लपवाछपवी नाही, हे मला तिच्यातले सर्वांत मोठे आकर्षण वाटते. नळी आखूड केली की नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर घटते आणि नेम बिघडतो. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारी दांडीही आखूड होते, त्यामुळे ती पूर्ण बाहेर येत नाहीत आणि कधीकधी बोटाने ओढावी लागतात. पूर्ण जळायला पुरेशी नळी न मिळालेली दारू तोंडाशी मोठी ज्वाळा टाकते. हे सारे तोटे करणाऱ्याला ठाऊक होते, ते त्याने पत्करले, आणि उरलेल्या जागेत जे बसवायचे ते अशा कसोशीने बसवले की सत्तर वर्षांनंतरही सिलिंडर बोटाने हलवून पाहावा तर हलत नाही.

मंडळींपैकी ज्यांच्याकडे अशी वस्तू आहे, होती, किंवा जे अशा वस्तूपासून मुद्दाम दूर राहिले, त्यांनी आपापले म्हणणे मांडावे. कोणते रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणाला चांगले, हा प्रश्न या धाग्यात नको.

घड्याळजी

कातारी, आपण सांधेविषयी लिहिलेले वाचून फार बरे वाटले. माझा व्यवसाय घड्याळदुरुस्तीचा आहे आणि शस्त्र मी कधी उघडलेले नाही. एका ग्राहकाने मात्र त्याच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हराचा सिलिंडर माझ्यासमोर फिरवून दाखवला होता, तेव्हा आतून येणारा आवाज मला ओळखीचा वाटला. दातेरी चाक एकेक दात पुढे ढकलणारा खटका आणि त्या चाकाला नेमक्या जागी धरून ठेवणारा दुसरा खटका, ही जोडी आमच्या धंद्यात रोजची आहे. कोल्टच्या आत नेमके काय चालते ते आपण विस्ताराने लिहाल का? आमच्याकडे खटक्याचे टोक झिजले की घड्याळ मागे पडते. आपल्याकडे काय होते?

कातारी

घड्याळजी, आपण बरोबर ठिकाणी बोट ठेवले आहे.

चाप ओढला की तीन कामे एकामागून एक व्हावी लागतात. सिलिंडर मोकळा होणे, तो एक घर पुढे सरकणे, आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, पडण्याआधी नळीच्या रेषेत येऊन घट्ट धरला जाणे. पुढे ढकलणाऱ्या खटक्याला इंग्रजीत 'हँड', म्हणजे हातच म्हणतात, आणि धरून ठेवणारा खटका सिलिंडरच्या बाहेरच्या खाचेत खालून बसतो. जुन्या कोल्टची खुबी अशी, की चाप शेवटपर्यंत मागे गेल्यावरही हा 'हात' सिलिंडरला ढकलतच राहतो. एका बाजूने रेटा आणि दुसऱ्या बाजूने अडसर, यांच्यामध्ये सिलिंडर चिमटीत धरल्यासारखा गच्च होतो. स्मिथ अँड वेसन या कोल्टच्या प्रतिस्पर्धी कारखान्याच्या रचनेत असा सततचा रेटा नसतो. तिथे त्याऐवजी बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे पुढचे टोकही नळीखालच्या खुंटीत अडकवून आधार दिलेला असतो. दोघांचे सिलिंडर फिरतातही उलट दिशांना : कोल्टचा घड्याळाच्या काट्याप्रमाणे, स्मिथचा त्याविरुद्ध. उघडण्याची कळ कोल्टमध्ये मागे ओढावी लागते आणि स्मिथमध्ये पुढे ढकलावी लागते. दोन्ही बाळगणाऱ्या माणसाचा अंगठा वर्षानुवर्षे चुकतो.

कोल्टच्या या गच्चपणाची किंमत अर्थातच झिजेत मोजावी लागते. 'हाता'चे टोक झिजले की घोडा पडायच्या क्षणी सिलिंडर पुरता जागेवर आलेला नसतो. म्हणजे आपले घड्याळ मागे पडते तसेच, फक्त परिणाम अधिक गंभीर. गोळी नळीत शिरताना कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. हे दुरुस्त करणारे जुने कारागीर आता फार थोडे राहिले आहेत. भाग बदलून भागत नाही, नवा भाग त्याच यंत्राच्या अंगाने घासून बसवावा लागतो.

चापाची ओढसुद्धा निराळी आहे. कोल्टमध्ये दुहेरी पानाची स्प्रिंग असते आणि ओढ शेवटाकडे जड होत जाते. अनेकांना ते खटकते. मला आवडते, कारण सुटण्याचा क्षण जवळ आल्याची बोटाला आगाऊ सूचना मिळते.

बारा_बोअर

मी डॅलसजवळ राहतो आणि वीसेक वर्षे जुनी रिव्हॉल्व्हरे जमवत आहे. कातारींचे कोल्टप्रेम मान्य करूनही दुसऱ्या घराण्याची बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा धागा एकतर्फी होईल.

स्मिथ अँड वेसनने ऑक्टोबर १९५० मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत एक नवे लहान रिव्हॉल्व्हर मांडले आणि त्याचे नाव काय असावे हे जमलेल्या पोलीसप्रमुखांनाच विचारले. त्यांनी स्वतःच्याच हुद्द्याचे नाव दिले, चीफ्स स्पेशल. पुढे १९५७ मध्ये कारखान्याने सर्वांना क्रमांक दिले तेव्हा ते मॉडेल ३६ झाले. त्यात सहाऐवजी पाच काडतुसे बसतात. एक घर सोडून दिल्यामुळे सिलिंडरचा घेर कमी झाला आणि खिशातला फुगवटाही. सहावी गोळी हवी की सडपातळपणा, हा वाद अमेरिकेत ७० वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो मिटू नये अशीच सर्वांची इच्छा दिसते.

त्याच चौकटीची भावंडेही जमवण्यासारखी आहेत. १९५२ साली कारखान्याच्या भागीदारीला शंभर वर्षे झाली म्हणून सेंटेनियल आले. त्याचा घोडा पूर्णपणे आत झाकलेला असतो आणि मुठीच्या मागे एक दाबपट्टी असते. मूठ आवळल्याशिवाय चाप चालत नाही. १८८७च्या जुन्या झाकल्या घोड्याच्या नमुन्यातही अशीच पट्टी होती आणि संग्राहक तिला लिंबू पिळण्याच्या चिमट्याची उपमा देतात. १९५५च्या बॉडीगार्डमध्ये घोड्याच्या दोन्ही अंगांना उंच कडा आहेत, म्हणजे तो कापडात अडकत नाही आणि तरी अंगठ्याने मागे घेता येतो. १९६५चे मॉडेल ६० हे गंज न धरणाऱ्या पोलादाचे पहिले रिव्हॉल्व्हर. घामट खिशात राहणाऱ्या वस्तूला त्याचा किती उपयोग, हे टेक्सासच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

नव्या माणसाने खरेदी करताना काय पाहावे, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे पहिले उत्तर नेहमी एकच असते : चकाकीला भुलू नका. नव्याने निळा मुलामा चढवलेले रिव्हॉल्व्हर दुरून देखणे दिसते, पण जवळून पाहिले तर अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडलेले असतात, आणि ज्या कडा कारखान्यात धारदार होत्या त्या गोल झालेल्या असतात. खिशात घासून पांढरी पडलेली नळी आणि प्रामाणिक जुना मुलामा यांना संग्राहक अधिक पैसे देतो. मुठीच्या लाकडाकडेही पाहावे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्मिथच्या मुठींवर स्क्रूभोवती शंकरपाळ्याच्या आकाराची मोकळी जागा सोडलेली असे. नंतर ती गेली. १९८२ पर्यंत नळी चौकटीत आडव्या खिळीने पक्की केलेली असे, तीही नंतर गेली. अशा बारीक खुणांवरून वर्ष ओळखायला शिकणे, ही या छंदातली मोठी गंमत आहे.

सुरक्षेचा एक मुद्दा अवश्य लिहितो. दुसऱ्या महायुद्धात खाली पडलेले स्मिथ रिव्हॉल्व्हर उडून एका नाविकाचा मृत्यू ओढवला, तेव्हा कारखान्याने घोडा अडवणाऱ्या पट्टीची रचना बदलली. कोल्टने असा अडसर १९०५ पासूनच दिलेला होता. त्यामुळे ही सोय येण्याआधीची किंवा दुरुस्त्या झालेली जुनी वस्तू जाणकाराला दाखवल्यावाचून भरू नये. नव्या, जास्त दाबाच्या काडतुसांपासून तर या म्हाताऱ्यांना दूरच ठेवावे.

तिसरी_घंटा

मी या विषयातली नाही, पण धागा पहिल्या ओळीपासून वाचला. लेखन सुंदर आहे, आणि त्यामुळेच मला त्याची थोडी भीती वाटते.

आपण सांध, मुलामा, स्प्रिंग, लाकूड यांविषयी बोलत आहात. परंतु ही वस्तू लपवण्यासाठी लहान केली गेली. साध्या वेशातल्या पोलिसाला जी सोय होते, तीच सोय दुसऱ्यालाही होते. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो याने गोळ्या झाडल्या, त्या बुलडॉग जातीच्या आखूड रिव्हॉल्व्हरातून. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या पोलीस मुख्यालयाच्या तळघरात, पत्रकारांच्या गर्दीत, जॅक रुबी याने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा आरोप असलेल्या ऑस्वाल्डवर गोळी झाडली, ती कोल्ट कोब्रामधून. म्हणजे कातारींच्या डिटेक्टिव्ह स्पेशलच्या हलक्या मिश्रधातूच्या धाकट्या भावंडातून. १ फेब्रुवारी १९६८ रोजी व्हिएतनाम युद्धात सायगॉनच्या रस्त्यावर हात बांधलेल्या कैद्याच्या डोक्याशी धरलेले आणि जगभर छापले गेलेले ते लहान रिव्हॉल्व्हर, ते याच कुळातले ना?

रुबीचे रिव्हॉल्व्हर १९९१ साली लिलावात २ लाख २० हजार डॉलर्सना विकले गेले, असे मी वाचले. ती किंमत सांधेची नव्हती. म्हणून मला खरोखर विचारायचे आहे, की जुनेपणामुळे आपण वस्तूवरचे रक्त धुऊन टाकतो का?

कातारी

तिसरी घंटा, आपला प्रश्न टाळण्यासारखा नाही. सायगॉनचे रिव्हॉल्व्हर बॉडीगार्ड होते, म्हणजे बारा बोअर यांनी वर कौतुकाने उल्लेखिलेलेच. ते छायाचित्र मी शाळकरी वयात पाहिले होते आणि संग्रह करू लागल्यावर ते पुन्हा पाहताना माझी नजर आधी हातातल्या वस्तूकडे गेली, हे मला स्वतःलाच आवडले नाही.

तरी दोन गोष्टी मांडतो. पहिली अशी, की लपवण्याची गरज नेहमी एकाच प्रकारच्या माणसाला नव्हती. कोल्टने १९२८च्या सुमारास बँकर्स स्पेशल नावाचे आणखी लहान रिव्हॉल्व्हर काढले. त्याचे नाव बँकेचे, पण ते अमेरिकेच्या टपाल खात्याने रेल्वेतल्या कारकुनांना दिले. त्या काळी धावत्या गाडीच्या डब्यात उभ्याने पत्रांची वर्गवारी होत असे आणि त्याच डब्यात नोंदणीची, पैशांची पाकिटे असत. लूट इतकी वाढली होती की १९२१ आणि १९२६ साली टपालाच्या रक्षणासाठी मरीन दलाचे सैनिक नेमावे लागले. दिवसभर खणांच्या भिंतीपुढे उभे राहून, डब्याच्या हेलकाव्यांत पत्रे फेकणाऱ्या माणसाच्या कमरेला मोठे हत्यार अडचणीचे होते. आज ते बँकर्स स्पेशल दुर्मीळ आहे आणि ते पाहिले की मला मारेकरी आठवत नाही, तर पत्रांच्या खणांसमोर उभा असलेला चश्मेवाला कारकून आठवतो. पण मला तोच आठवावा ही माझी निवड आहे, हेही कबूल करतो.

दुसरी गोष्ट कमी सोयीची आहे. या जातीचा कोल्टमधला जनक मानला जाणारा जॉन हेन्री फिट्झजेराल्ड हा कारखान्याचाच माणूस. तो मोठ्या .४५च्या रिव्हॉल्व्हरांच्या नळ्या तोडून, घोड्याचे शेपूट छाटून, चापाच्या कडीचा पुढचा भाग कापून टाकीत असे आणि चामड्याचे अस्तर लावलेल्या विजारीच्या दोन खिशांत दोन बाळगीत असे. चापाभोवतीची कडी सुरक्षेसाठी असते. ती त्याने वेळ वाचवण्यासाठी कापली. त्याने बनवलेल्या मोजक्या नगांना आज संग्राहक मोठी रक्कम देतात. मला असे एक हाताळायला मिळाले तेव्हा कारागिरी अप्रतिम वाटली आणि हातातून खाली ठेवल्यावर बरे वाटले. आपल्या प्रश्नाचे माझ्याकडे याहून सुबक उत्तर नाही.

सह्यकडा

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या घरी आजोबांपासून आलेले वेब्ली या इंग्रज कारखान्याचे .३२चे रिव्हॉल्व्हर आहे, तीन इंची नळीचे. ते अगदी नकटे नसले तरी आखूडच म्हणता येईल. ते मधोमध मोडून उघडते आणि उघडताच सहाही काडतुसे एकदम वर उचलली जातात. परदेशातल्या मंडळींचे लिखाण वाचताना जाणवले, की आमच्याकडे या आकर्षणाचे स्वरूप पूर्णपणे वेगळे आहे.

तिथे माणूस दुकानात जातो आणि सांधेच्या प्रेमात पडून येतो. इथे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, ही म्हण अक्षरशः लागू पडते. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, वडिलांच्या निधनानंतर वारसाने वेगळा अर्ज करावा लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. मूळ मसुद्यात तर एकच म्हटले होते. निवडणूक आली की ते पिशवीत घालून पोलीस ठाण्यात जमा करायचे, पावती जपून ठेवायची आणि आचारसंहिता उठली की परत आणायचे. माझ्या वडिलांनी त्या पावत्यांची एक स्वतंत्र फाईल केली होती. रिव्हॉल्व्हरापेक्षा ती फाईल जाड आहे.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद असल्यामुळे जी जुनी इंग्रजी किंवा अमेरिकी रिव्हॉल्व्हरे देशात आधीच आली होती, तीच या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत राहिली. त्यामुळे अमेरिकेत सामान्य समजली जाणारी वस्तू इथे लाखांच्या भाषेत बोलली जाते. त्या किमतीत कारागिरीचा वाटा किती आणि 'इंपोर्टेड' या शब्दाचा किती, ते सांगता येत नाही. आमच्या भागात हा शब्द उच्चारताना माणसे आवाज खाली आणतात.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ वेब्लीच्याच धर्तीवर, मोडून उघडणारे. २०१४ साली आलेले टायटॅनियम मिश्रधातूचे निर्भीक ५०० ग्रॅमचे होते आणि त्याची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये ठेवली होती. २०२३ मध्ये आलेल्या प्रबलमध्ये प्रथमच सिलिंडर बाजूला उघडतो, म्हणजे अमेरिकेत १९व्या शतकाच्या अखेरीस जे रूढ झाले ते. मी दोन्ही हाताळली आहेत. ती चालतात, मात्र आजोबांच्या वेब्लीची कडी उघडताना जो एकच, भरीव आवाज येतो तो त्यांत नाही. हा आवाज खरोखर वेगळा आहे की त्यात माझे बालपण मिसळले आहे, याची मला खात्री देता येत नाही.

शब्दांविषयी एक विनंती. मराठीत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर सर्रास एकच समजले जाते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले हत्यार ब्राउनिंग पिस्तूल होते, तरी अनेक लेखांत ते रिव्हॉल्व्हर होते असे छापलेले आढळते. ज्यात काडतुसे फिरत्या सिलिंडरमध्ये असतात तेच रिव्हॉल्व्हर.

नवा_पाहुणा

मी नुकताच नोकरीनिमित्त ओहायोत आलो आहे, व्हिसा एच-वन-बी आहे. कातारींचे लेखन वाचून असे एखादे जुने रिव्हॉल्व्हर घेण्याची इच्छा झाली. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांना सवलत असते असे ऐकले आहे, ते खरे का?

बारा_बोअर

नवा पाहुणा, आपण विचारले हे फार चांगले केले, कारण इथे अज्ञानापोटी मोठे संकट ओढवू शकते. आपल्या प्रकारच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने शस्त्र किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःला लावून घेऊ नयेत. सरावाच्या मैदानावर मित्राचे रिव्हॉल्व्हर 'फक्त पाच मिनिटे' हातात घेणेही बाळगणेच ठरू शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर परिस्थिती बदलते. मी स्वतः तोपर्यंत आठ वर्षे केवळ काचेबाहेरून पाहिले.

आपण ऐकलेली पन्नास वर्षांची गोष्ट वेगळी आहे. तितक्या जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या शस्त्रांना संग्राहकांच्या वर्गात धरतात आणि त्यासाठी संग्राहकाचा एक स्वतंत्र परवाना असतो. खरोखर जुनी, म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रे संघराज्याचा कायदा प्राचीन वस्तू मानतो. पण राज्यांचे नियम निरनिराळे आहेत, आणि डिटेक्टिव्ह स्पेशल किंवा चीफ्स स्पेशल त्या तारखेच्या कितीतरी नंतरची आहेत. तूर्त पुस्तके वाचा, प्रदर्शने पाहा आणि हात खिशात ठेवा.

तिसरी_घंटा

बारा बोअर, आपण आठ वर्षे काचेबाहेरून पाहिलेत, हे वाचून माझ्या मनातली आपली प्रतिमा बदलली. एक साधी शंका : ही रिव्हॉल्व्हरे आपण चालवता का? की केवळ ठेवता?

बारा_बोअर

थोडी चालवतो. नकट्या रिव्हॉल्व्हराचा नेम साधणे फार कठीण असते, आणि चित्रपटातला गुप्तहेर रस्त्यापलीकडच्या खिडकीत जे साधतो ते निव्वळ पटकथेचे सामर्थ्य आहे. सात यार्डांवर मी बशीएवढ्या वर्तुळात पाच गोळ्या टाकू शकतो. पंचवीस यार्डांवर कागदाला लागली तरी समाधान मानतो. वस्तू स्वतः त्याहून अचूक असते. अडचण मनुष्याच्या बोटाची असते, कारण ५५० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर जवळजवळ त्याच्या दहापट ओढीने चालवताना ते स्थिर राहत नाही. कोब्रासारखी हलकी, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपासची तर तळहाताला चावतात. पन्नास गोळ्यांनंतर मी थांबतो, पुसतो, तेलाचा हलका हात फिरवतो आणि तिजोरीत ठेवतो. चामड्याच्या म्यानात कधीच ठेवत नाही. चामडे ओल धरते आणि निळ्या मुलाम्यावर गंजाचे ठिपके पाडते.

घड्याळजी

कातारी, आपण आरंभी सांधेविषयी लिहिले, पण सांध तर बाहेरून दिसते. आत माणसाच्या हाताची काही खूण उरते का? जुन्या खिशातल्या घड्याळांच्या झाकणाआड आम्हाला दुरुस्ती करणाऱ्याने सुईने कोरलेली तारीख सापडते. कधी शंभर वर्षांपूर्वीची, कधी माझ्याच वडिलांची.

कातारी

उरते. स्मिथच्या उजव्या लाकडी मुठीच्या आतल्या अंगाला पूर्वी त्या रिव्हॉल्व्हराचा क्रमांक लिहिलेला किंवा ठोकलेला असे, म्हणजे घासून जुळवलेले लाकूड दुसऱ्याच्या मुठीत जाऊ नये. तो क्रमांक चौकटीवरच्या क्रमांकाशी जुळला की संग्राहकाला समाधान होते.

माझ्या कोल्टचे झाकण मी सात वर्षांत एकदाच काढले आहे. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा पेचकस आधी घरी घासून तयार केला. झाकण टोकदार अवजाराने उचकटायचे नसते; स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी मोगरीने हलके ठोकत राहिले की ते आपणहून सैल होऊन वर येते. आत जुने तेल मधासारखे घट्ट झाले होते. ते पुसल्यावर सिलिंडर ढकलणाऱ्या त्या 'हाता'च्या टोकावर भिंगातून कानशीचे ओरखडे दिसले. दोन ओरखडे समांतर होते. तिसरा किंचित तिरका आणि अगदी उथळ होता, म्हणजे दोनदा घासून, बसवून, चाप ओढून पाहिल्यावर त्याला अजून केसभर जास्त वाटले असावे आणि शेवटचा हात त्याने फक्त टेकवला असावा. भोसरीत आमचे उस्ताद तो शेवटचा हात मारताना श्वास रोखून धरीत. मी तिथे तेल लावले आणि झाकण परत बसवले.

घड्याळजी

भिंगातून त्याचे छायाचित्र काढले असल्यास येथे जोडावे.

कातारी

काढले नाही. पुढच्या वेळी झाकण उघडण्याची वेळ आली तर काढीन. मात्र केवळ छायाचित्रासाठी उघडणार नाही.